अक्का, तुझं मशीन पुन्हा निघालंय

अक्का, तुझं सुतक फिटलं त्या दिवशी, गंधमुक्तीच्या पंगतीत, मी जेवले नाही. वरण-बट्टी होती, तुपाची धार होती, वाढणारे आग्रह करत होते, आणि मी पानावर नुसता हात फिरवून उठले. वैशालीला वाटलं, मावशीला रडू आवरत नाहीये. तुझी लेक आहे, तिला असंच वाटणार. पण रडू नव्हतं गं ते. मळमळत होतं.

धुळ्याच्या त्या मंगल कार्यालयात एका अंगाला पंगत आणि दुसऱ्या अंगाला स्टेज, अशी व्यवस्था तुझ्या दिराने केली होती. दिलीपचा आता डीजेचा धंदा आहे, त्यामुळे स्टेज, दिवे, स्पीकरचे कॉलम सगळं घरचंच. लोक बट्टी कुस्करता कुस्करता तुला श्रद्धांजली वाहत होते. तुझा फोटो होता, त्याच्यासमोर समई होती, आणि फोटोच्या शेजारी स्टँडवर काहीतरी काळंकुळकुळीत, चकाकणारं ठेवून त्याला झेंडूचा हार घातला होता. आत लाल-निळे दिवे लुकलुकत होते. मला आधी ओळखूच आलं नाही. जवळ गेले तेव्हा डावीकडची कोपरा तुटलेली पट्टी दिसली.

तुझा सिंथेसायझर होता तो, अक्का. तुझं मशीन.

मी त्याच्या पट्ट्या दाबल्या. खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. आतलं सगळं काढून टाकलं होतं. वरून काळा स्प्रे मारला होता आणि पोटात दिव्यांची माळ भरली होती. दिलीप म्हणाला, "डीजेच्या गाडीवर पुढे लावतो ताई, शो येतो. आज वहिनींसाठी मुद्दाम उतरवून आणलं."

"आतलं कुठे गेलं?"

"ते तर कधीच भंगारात गेलं. बंदच होतं ना."

"अक्काला माहीत होतं?"

"वहिनींनीच दिलं. पडून होतं म्हणाल्या, घेऊन जा."

खरंच असं म्हणालीस तू? मला हे तुला विचारायचं होतं आणि तू समोर हार घालून बसली होतीस.

भाऊंनी ते मशीन आणलं तो दिवस मला चांगला आठवतो. तुझा नवरा हौशी माणूस. मुंबईच्या कुठल्या तरी स्टुडिओतून जपानी मशीन सेकंडहँड उचललं आणि गोधडीत गुंडाळून एसटीने धुळ्याला घेऊन आले. खानदेशातल्या कुठल्याच ऑर्केस्ट्राकडे नाही, म्हणून गावभर सांगत फिरले. वाजवायला एक माणूस ठेवला, तो एका लग्नसराईत पळून गेला. मग ते मशीन तुमच्या पुढच्या खोलीत तसंच पडलं आणि भजनात पेटी वाजवणारी तू एका दुपारी त्याच्यापुढे जाऊन बसलीस. मी तेव्हा नवीनच तुमच्या पार्टीत गायला लागले होते. जळगावहून येऊन तुमच्याकडेच मुक्काम. दारात उभी राहून मी बघत होते. तू एकेक बटण फिरवायचीस, कान तिरका करायचीस आणि स्वतःशीच हसायचीस.

बटणांवरचं इंग्रजी तुला वाचायचंच नव्हतं. तू त्यांची बारशी केलीस. एक होतं चाळणी. चाळणी उघडली की आवाज भरून यायचा, मिटली की गोधडीखाली गेल्यासारखा व्हायचा. तिच्या शेजारचं शिट्टी. ते फार फिरवलं की कानात सुई घुसायची. एकदा जमवलेला आवाज त्या मशीनला लक्षात ठेवता येत नसे. एक बटण हललं की गेला. म्हणून तू तुझ्या पाकिटातल्या टिकल्या काढून बटणांच्या भोवती चिकटवल्यास. वरातीच्या सनईला लाल, पाठवणीला हिरव्या. लाल टिकलीवर सगळी बटणं आली की सनई तयार. शिरपूरच्या एका लग्नात घामाने दोन टिकल्या सुटल्या आणि तू स्वतःच्या कपाळाची काढून तिथे लावलीस. मुलीची आजी तुझ्या रिकाम्या कपाळाकडे बघून घाबरली होती, आणि तू मात्र मन लावून सनई वाजवत होतीस.

त्या काळात बाई गायला उभी राहायची तरी लोक नावं ठेवायचे. तू तर मशीन वाजवत होतीस. गायिकेकडे बघायची लोकांना सवय होती, तुझ्याकडे कसं बघावं हेच त्यांना कळत नसे. तू पदर खोचायचीस, मान खाली घालायचीस आणि कुणाकडे बघायचीच नाहीस. मला तुझा हेवा वाटायचा.

तर स्टेजवर दिलीपने माईक घेतला. तुझ्या आठवणी सांगतो म्हणाला. आणि कुठली सांगावी? जामनेरकडची.

"एकदा जामनेरच्या बाजूला प्रोग्राम होता," तो म्हणाला, "वहिनींचा हात चुकीच्या बटणावर पडला, आणि असा आवाज निघाला, असा आवाज निघाला, की पाहुणे मंडपातून पळाले, आचाऱ्याच्या हातातला झारा पडला, आणि एक जण तर डायरेक्ट स्टेजवरून खाली!"

लोक हसले, अक्का. तुझ्या गंधमुक्तीला, तोंडात घास असताना, खो खो हसले.

दिलीप त्या प्रोग्रामला नव्हताच. मी होते. स्वागतसमारंभ होता, दिवस मावळायच्या आधीची वेळ. मी गात होते आणि नवरदेवाचा कोण मामा का मावसा पिऊन स्टेजवर चढला. आधी नाचला. मग माझ्याजवळ आला. मग त्याचा हात माझ्या कमरेवर आला, आणि तिथेच राहिला. मी गात सरकले, तो सरकला. मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी हाताने खूण केली, चालू दे. ढोलकवाला खाली बघून वाजवत होता. सगळे वाजवत होते. समोर पाहुणे बसले होते, बायकाही होत्या, आणि सगळे असे बघत होते की जणू हाही कार्यक्रमातलाच भाग.

मग तू शिट्टी फिरवलीस. हात चुकला नव्हता. मी तुझ्याकडेच बघत होते. तू चाळणी पूर्ण उघडलीस, शिट्टी टोकाला नेलीस, आवाजाचं बटण होतं नव्हतं तेवढं वर केलंस आणि सगळ्यांत वरची पट्टी दाबून धरलीस. कॉलममधून जो आवाज आला त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. बायकांनी पोरांचे कान झाकले. त्या माणसाने दोन्ही हात कानांवर नेले, म्हणजे माझ्या कमरेवरचाही, आणि मागे मागे जाताना स्टेजच्या कडेवरून खाली गेला. तरी तू पट्टी सोडली नाहीस. भाऊंनी येऊन वायर उपटली तेव्हा थांबलं.

कार्यक्रम तिथेच मोडला. परतीच्या टेम्पोत भाऊ तुला काय काय बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस. आणि ते गप्प झाल्यावर मीही बोलले.

"अक्का, तू माझं गाणं मोडलंस. माझं मी बघून घेतलं असतं."

"कसं?"

"गाणं संपवून खाली उतरले असते."

तू माझ्याकडे वळलीस. "आनि गानं सरे तवलोंग त्याना हात कोठे ऱ्हाता वं, नंदे?"

गाणं संपेपर्यंत त्याचा हात कुठे राहिला असता हे मलाही माहीत होतं. पण माझं खरं म्हणणं, जे त्या टेम्पोत मला सांगता आलं नाही, ते वेगळं होतं आणि ते तुला कधी पटलं नाही. माईक माझ्या हातात होता. मी गाणं थांबवून चार माणसांत त्याला सुनावणार होते. शब्द तोंडात आला होता, आणि तेवढ्यात तू सगळ्यांचेच कान बंद केलेस. मग पुढे जिथे जाऊ तिथे एकच, अक्काने नंदाला वाचवलं. मी कायमची वाचवलेली झाले. यावर आपण किती भांडलो! वैशालीच्या बारशात भांडलो, मुक्ताईनगरला दर्शनाच्या रांगेत भांडलो, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू पट्टी बांधून पडली होतीस तेव्हाही भांडलो. तू म्हणायचीस, तू बोललीच नसतीस. मी म्हणायचे, बोलले असते. मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण आधी तू माझं म्हणणं मान्य करावंस असं मला वाटत होतं. आता तू गेलीस. राग अजून आहे, आणि आभारही आहेत. दोन्ही घेऊन कुठे जायचं ते तूच सांग.

म्हणून मी गंधमुक्तीच्या दिवशी स्टेजवर गेले. दिलीपने मला गायला बोलावलं होतं. मी गायले नाही. मी म्हणाले, "अक्काचा हात चुकला नव्हता. त्या माणसाने माझ्या अंगाला हात लावला होता आणि..." एवढंच. माझा आवाज मलाच ऐकू येईना. दिलीपने मागच्या माणसाला खूण केली होती आणि कॉलममधून बासरीची धून सुरू झाली होती. तसली मऊ, गुळचट, मेलेल्या माणसासाठी तयार मिळणारी. मी बोलत राहिले, धून वाढत राहिली. शेवटी कुणीतरी माझा हात धरून मला खाली आणलं आणि खुर्चीवर बसवून पाणी दिलं. "भावुक झाल्या ताई," दिलीप माईकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घे. बोलले असते म्हणत होते ना? बोलले. तुझं म्हणणं खरं ठरलं की माझं, तेही कळलं नाही.

आणि याच माणसाने, हात धुवायच्या नळाशी, मला सांगितलं की तुझं मशीन पुन्हा निघालंय. "कंपनीने तेच मॉडेल परत काढलंय, ताई. तोच रंग, तीच बटणं. तुम्ही ते घ्या, आणि आपण वहिनींच्या नावाने पार्टी उभी करू. तुम्ही जुनी गाणी गायची. लोकांना आता जुनंच पाहिजे." टॉवेलला हात पुसत बोलत होता. त्याच्या मिशीला तूप लागलेलं होतं.

त्याला माहीत नव्हतं की मला माहीत होतं. मागच्या दिवाळीत मी शिरपूरला वैशालीकडे आले होते. तू अंगणात ऊन खात बसली होतीस आणि वैशालीने तिच्या मोबाईलवर त्या नव्या मशीनचा व्हिडिओ दाखवला होता. मी लगेच म्हणाले, "अक्का, घेऊ आपण दोघी मिळून. माझ्याकडे ठेवू. तू ये अधूनमधून वाजवायला."

"मढं उकरू नको वं, नंदे," तू म्हणालीस आणि तोंड फिरवलंस.

पण मी आत पाणी प्यायला गेले तेव्हा तू वैशालीला तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितलास. मी दारातून ऐकलं. मोबाईल कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होतीस. मग मढं उकरू नको हे तू मला सांगत होतीस की स्वतःला? मी विचारलं नाही. वाटलं, पुढच्या खेपेला विचारू.

तू गेल्यावर मला ते मशीन हवंसं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, फार हवंसं वाटलं. दिलीपसाठी नाही, मला एकटीला, घरात. शिकवणीची मुलं गेली की दार लावून लाल टिकलीवर सगळी बटणं आणायची आणि तुझी सनई ऐकायची. एवढंच. आणि असं वाटायला लागलं की स्वतःचीच शिसारी यायची. तुझ्या देहाला अग्नी देऊन महिना झाला नाही आणि मी तुझा आवाज विकत मिळतो का बघतेय.

तरी गेले. आपल्या जळगावात पंकज म्हणून एक जण आहे, लहानपणी माझ्याकडे गाणं शिकायचा. आता त्याचा स्टुडिओ आहे, अहिराणी गाणी करून इंटरनेटवर टाकतो. त्याच्याकडे ते मशीन आलंय असं कळलं. मी म्हटलं, आधी ऐकते, मग ठरवते.

टेबलावर ठेवलं होतं. तोच रंग, अक्का, पिकल्या पेरूच्या गरासारखा. पण उचललं तर हातात काही आल्यासारखंच वाटेना. बाजूंना लाकूड दिसत होतं, ते लाकूड नव्हतं, लाकडाच्या रेघा छापलेलं प्लास्टिक. आणि कळस म्हणजे बटणांवरची अक्षरं मुद्दाम पुसट छापलेली. वर्षानुवर्षं कुणाची तरी बोटं फिरून झिजावीत तशी. कुणाची बोटं? कारखान्यातून आलेल्या वस्तूला कुणाचा हात लागला होता? मला ते बघूनच किळस आली. पण आवाज ऐकायचा राहिला होता.

मी बसले. टिकल्या नव्हत्या, पण माझ्या डोळ्यांपुढे त्या जिथल्या तिथे होत्या. चाळणी निम्म्याच्या किंचित वर, शिट्टी थोडी, बाकीची एकेक. पट्टी दाबली.

तूच आलीस. दुसरं काय म्हणू? तीच सनई, सुरुवातीला जरा घसा खाकरल्यासारखी, मग मोकळी. पंकज मागे उभा होता म्हणून, नाहीतर मी टेबलावर डोकं ठेवलं असतं. मी म्हणणारच होते, बांध रे, घेऊन जाते. ओठांवर आलं होतं.

काय वाटलं कोण जाणे, मी शिट्टी फिरवली. चाळणी पूर्ण उघडली, वरची पट्टी दाबून धरली. निघाला तोच आवाज. माझ्या कमरेला थंडगार घाम सुटला.

आणि मागे सोफ्यावर बसलेले दोघं, वरातीची गाणी करायला आले होते ते, एकदम उठले आणि हात वर करून ओरडले, "वाजव! वाजव!" पंकजने हसत कुठलीशी कळ दाबली आणि त्या आवाजाच्या शेवटाला ढोलाचा दणका पडला. ते दोघं नाचायला लागले. कंबर हलवून, जीभ बाहेर काढून.

"बंद कर," मी म्हणाले.

पंकज गोंधळला. "काय झालं, ताई? हा तर आता प्रत्येक वरातीत असतो. डीजेवाले लोकांना तापवायला हाच लावतात, आवाज चढवत न्यायचा आणि मग दणका. हे बघा, मला तर मशीनमध्ये सेव्हच करून ठेवावा लागलाय." त्याने एक बटण दाबलं. काही फिरवावं लागलं नाही, जमवावं लागलं नाही. पुन्हा तोच आवाज.

"हुबेहूब नाहीये का जुन्यासारखा?" त्याने विचारलं.

"हुबेहूब आहे."

"मग?"

तो चांगला मुलगा आहे. त्याने चहा मागवला होता, तो मी घेतला आणि बाहेर आले. रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि पोटात होतं ते सगळं गटारात ओकले. ज्या आवाजाने एक माणूस स्टेजवरून खाली गेला, त्याच आवाजावर आता तसलीच माणसं स्टेजवर चढतात. मशीन खोटं असतं तर मी ते नाकारून मोकळी झाले असते. ते खरं होतं, अक्का. ते कुणाच्याही हातात तितकंच खरं आहे. मला वाटायचं, निदान तो आवाज तरी फक्त आपल्या दोघींचा आहे.

दुसऱ्या दिवशी दिलीपला फोन केला. "मी घेणार नाही, आणि गाणारही नाही."

"हरकत नाही ताई," तो म्हणाला, "आम्ही घेतलं पण. एक मुलगी उभी करतोय मशीनवर. वाजवायचं टेन्शन नाही, ट्रॅक असतो."

तुझ्या महिन्याच्या जेवणासाठी मी पुन्हा धुळ्याला गेले. स्टँडवरून रिक्षा केली, आणि चौकात सिग्नलच्या खांबाला तो फ्लेक्स. 'शालूअक्का मेलडी पार्टी. तोच आवाज, तीच जादू.' खाली दिलीपचा नंबर. आणि वर, माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, तुझं तोंड. तुला गोरं केलंय अक्का, भिंतीला चुना फासावा तसं. सुरकुत्या पुसल्यात. ओठांना लाल रंग.

मी रिक्षा थांबवली. कोपऱ्यावर नारळवाला होता, त्याला म्हटलं, भाऊ, कोयता दे जरा. त्याने माझ्या तोंडाकडे बघून देऊन टाकला. खालच्या दोऱ्या माझ्या मी कापल्या. वरच्यांना हात पुरेना, तर रिक्षावाला आपणहून टपावर चढला.

"कोन शे हाई?" त्याने वरून विचारलं.

"माझी बहीण आहे."

"मंग असी काबं करेल शे?" अशी का केली आहे, असं तो तुझ्या रंगाबद्दल विचारत होता. मी दोरीकडे बोट दाखवलं. त्याने दोरी कापली आणि तू माझ्या अंगावर आलीस. घडी घालताना चार माणसं जमली होती, पण कुणी अडवलं नाही.

जेवायला मी गेलेच नाही. वैशालीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, काका उद्या दुसरा लावतील." लावेल. मला माहीत आहे.

फ्लेक्स जळगावला घेऊन आले. आता माझ्या पलंगाखाली आहे. शेजारीण म्हणते, द्या मला, मिरच्या वाळवायला होईल. तुझ्या तोंडावर मिरच्या घालू? जाळावा तर प्लास्टिकचा काळा धूर गल्लीभर होईल. कचऱ्याच्या गाडीत टाकायला नेला, तर घडीतून नेमका तुझा एक डोळा वर आला होता. परत घेऊन आले.

मशीन नको हे ठरवायला एक दुपार पुरली. याचं काय करायचं ते काही केल्या ठरत नाही. आज सकाळी अंथरून बसले, ओलं फडकं घेतलं आणि तुझ्या ओठांवरचा तो लाल रंग घासून बघितला. साबण लावला. रॉकेल लावलं. नखाने खरवडला.

जात नाही, अक्का. छापलेला आहे.